साक्षीदार उज्जैनला, बाबा इंदूरला

पत्राचा सारांश : इंदूरच्या एका वाचक भगिनीचं (वय 54) पत्र आलं आहे. यजमान गेल्यापासून त्या लोकमान्य नगरात वडिलांकडे राहतात. आई नाही. थोरला भाऊ पुण्यात, धाकटी बहीण उज्जैनला. वडील 83 वर्षांचे, बँकेतून निवृत्त. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. तीन वर्षांपूर्वी एका रात्री त्यांनी स्वतःच्या अक्षरात मृत्युपत्र लिहिलं आणि सही केली. घर या लेकीला, ठेवी भाऊ आणि धाकटीला निम्म्या-निम्म्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांना बोलावून म्हणाले, "ही माझी वसीयत, खाली सही माझी आहे, तुम्ही साक्ष करा." काकांनी तिथंच बसून सही केली. दुसरी साक्ष मेव्हण्यांची, म्हणजे धाकटीच्या यजमानांची घ्यायची असं बाबांनी ठरवलं. म्हणून बाई कागद घेऊन बसनं उज्जैनला गेल्या आणि सही घेऊन आल्या. आता बाबांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला आहे. बोलणं-समजणं नीट आहे, पण उजवा हात थरथरतो. काका बंगळूरूला मुलाकडे राहायला गेले. एका परिचितांनी सांगितलं, साक्षीदाराच्याच बायकोला ठेवी मिळणार म्हणून अख्खं मृत्युपत्र रद्द. दुसऱ्यांनी सांगितलं, नोटरीचा शिक्का मारून आणा की झालं. बाई विचारतात, "शिक्का पुरेल का? नवीन करा म्हटलं तर घरासाठी बापाच्या मागे लागले असं दिसेल. आणि दादाला यातलं काहीच माहीत नाही."

नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं. आज तुमच्या कपाटात असलेला कागद मृत्युपत्र म्हणून टिकणं अवघड आहे. पण दोन परिचितांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टींचा त्याच्याशी संबंध नाही. मेव्हणे लाभार्थीचे पती आहेत म्हणून तो कागद अडत नाही आणि नोटरीच्या शिक्क्यानं तो सुटणारही नाही. मेव्हण्यांनी सही केली तेव्हा बाबा समोर नव्हते, अडलंय ते तिथं.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 63 हे या विषयातलं मुख्य कलम. मागण्या थोड्याच आहेत, पण एकही गाळता येत नाही. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करायची किंवा अंगठा-खूण उमटवायची. ते जमत नसेल तर त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं त्याच्या वतीनं सही करायची. सही अशा जागी हवी की हा सगळा मजकूर अमलात यावा म्हणून ती केली आहे हे कळावं. आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदारानं एक तर ती सही होताना पाहिलेली असावी, नाही तर करणाऱ्यानं स्वतः त्याला "ही सही माझी" असं सांगितलेलं असावं. शेवटी, प्रत्येक साक्षीदारानं आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही. साक्षांकनाचा, म्हणजे साक्षीदारानं सही करण्याचा, ठरावीक नमुनाही कायद्यानं सांगितलेला नाही.

आता तुमच्या घरात काय घडलं ते या मागण्यांशी ताडून पाहा. बाबांनी रात्री एकट्यानं सही केली. हरकत नाही, ती वेळ साक्षीदारांनी पाहिलीच पाहिजे असं नाही. सकाळी काकांना त्यांनी आपली सही दाखवून कबूल केली, काकांनी त्यांच्यासमोर सही केली. काकांची साक्ष चोख आहे. अनेकांना वाटतं की साक्षीदारानं लेखणी चालताना पाहिली नसेल तर सगळं फुकट, तसं नाही. मेव्हण्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू लंगड्या पडतात. त्यांनी बाबांना सही करताना पाहिलं नाही, बाबांनी त्यांना सही कबूल केली नाही, आणि त्यांनी स्वतः सही केली ती उज्जैनच्या घरात, बाबा इंदूरला असताना. "बाबांनीच मला पाठवलं होतं" असं तुम्ही लिहिलंय, आणि मला ते खरंच वाटतं. पण निरोप्यामार्फत साक्ष होत नाही. फोनवर बोलणं झालं असतं तरी 'समोर' ही अट भागली नसती. म्हणजे दोनपैकी एकच साक्ष उरली, आणि एका साक्षीवर मृत्युपत्र उभं राहत नाही.

लाभार्थीचा नवरा साक्षीदार असण्याबद्दल जे सांगितलं गेलं, त्यात अर्धं सत्य आहे, आणि हे अर्धं सत्य आपल्याकडे फार फिरतं. याच कायद्याचं कलम 67 असं म्हणतं की साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल, तर ते देणं रद्द होतं. पण त्याच कलमात हेही लिहिलंय की तेवढ्यामुळं साक्षांकन अपुरं ठरत नाही, मृत्युपत्राचा बाकीचा भाग शाबूत राहतो. आणि हे कलम हिंदू, जैन, शीख, बौद्ध यांच्या मृत्युपत्रांना लागूच होत नाही. त्यांना कायद्याची कोणती कलमं लागू होतात त्याची यादी तिसऱ्या परिशिष्टात दिली आहे; तिच्यात 63 आहे, 67 नाही. पारशी किंवा ख्रिस्ती वाचकांनी मात्र ते पाळलंच पाहिजे. तेव्हा तुमच्या बहिणीच्या ठेवी 'नवऱ्यानं साक्ष केली' म्हणून बुडत नाहीत.

तरीही मेव्हण्यांना पुन्हा साक्षीदार करू नका. कायदा अडवत नसला तरी उद्या कुणी विचारलं, की ज्याच्या घरात लाखोंच्या ठेवी जाणार त्यालाच का बोलावलं, तर तुमच्यापाशी सांगण्यासारखं काही नसेल.

नोटरीबद्दल थोडक्यात. मृत्युपत्राला नोटरी लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर, हातानं लिहिलेलं चालतं. बाबांच्या गैरहजेरीत कुठल्या तरी टेबलावर मारून आणलेला शिक्का साक्षीदाराची उणीव भरून काढत नाही. उलट कागदावर तीन वर्षांच्या अंतरानं एक नवी तारीख येते आणि पाहणारा विचारात पडतो, ही कशासाठी?

साक्षीदार नेमका कशासाठी असतो, हे कळलं की पुढचं सोपं जातं. कागदाच्या तळाशी दोन रेघा भरायच्या म्हणून तो नसतो. मृत्युपत्र हा असा दस्तऐवज की तो बोलू लागतो तेव्हा करणारा हयात नसतो. ही सही खरी का, तेव्हा शुद्धीत होतात का, कुणी दडपण आणलं का, हे त्याला विचारता येत नाही. ते ज्यानं पाहिलं त्याला विचारायचं. म्हणून 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 67 नुसार (क्रमांक योगायोगानं तोच, कायदा वेगळा) मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर निदान एका साक्षांकन साक्षीदाराला उभं करावंच लागतं, तो हयात आणि साक्ष द्यायला समर्थ असेल तर. जुन्या पुरावा कायद्यातही हेच होतं. नोंदणीकृत दस्तांना या नियमात थोडी सूट आहे; मृत्युपत्राला तीही नाही.

आणि तो एक साक्षीदार येऊन फक्त "माझी सही आहे" म्हणाला, तर पुरत नाही. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की एकच साक्षीदार बोलावला असेल तर त्याच्या साक्षीतून दुसऱ्याचंही साक्षांकन नीट झालं होतं हे सिद्ध व्हायला हवं. नाही तर दुसऱ्यालाही बोलावा. कायद्यानं दोघांना वेगवेगळ्या वेळी सही करायला मुभा दिली असूनही वकील मंडळी 'तिघंही एका खोलीत, एकाच बैठकीत' असा आग्रह धरतात तो यासाठी. कोणीही एक जण उरला तरी तो तिघांबद्दल सांगू शकतो. तुमच्या काकांना मेव्हण्यांच्या सहीबद्दल काय सांगता येईल? काही नाही. ते तिथं नव्हते.

साक्षीदार निवडताना आपण करतो ती ढोबळ चूक मात्र वेगळीच असते. 83 वर्षांचे गृहस्थ 80 वर्षांच्या मित्राला बोलावतात. पहाटे फिरायला सोबत जाणारा, भजनी मंडळातला, विश्वासाचा. विश्वास खरा, पण काम आहे दहा-पंधरा वर्षांनंतरचं! दोन्ही साक्षीदार हयात नसतील किंवा सापडत नसतील तर कायद्यानं वाट ठेवली आहे. निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारं कुणी आणून ते सिद्ध करता येतं. पण ती वाट लांबची आहे. तेव्हा करणाऱ्यापेक्षा वयानं बरेच लहान, शहरात मूळ धरून असलेले, मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे, आणि वेळ आली तर कोर्टाची पायरी चढायला न कचरणारे असे दोघं शोधा. बाबांचे बँकेतले ज्युनियर सहकारी, नेहमीचे डॉक्टर, ओळखीचे वकील, गल्लीतले चाळिशीतले शिक्षक. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते. घर कुणाला दिलं हे त्यांना कळू न देताही साक्ष होते. ही गोष्ट बाबांना आवर्जून सांगा. गल्लीत चर्चा नको म्हणून माणसं घरातलेच साक्षीदार धरतात, त्याची गरज नसते.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, जवळजवळ जाता जाता लिहिलेलं : "तसं आमच्यात कोर्टात जाणार तरी कोण?" खरं असेल. पण मृत्युपत्राची परीक्षा घ्यायला भावानंच दावा लावावा लागतो असं नाही. नगर निगममध्ये घराच्या नामांतरणाचा अर्ज दिलात की कागद बघितला जातो. पुढंमागं घर विकायचं ठरलं, तर घेणाऱ्याचा वकील किंवा त्याला कर्ज देणारी बँक साक्षीदारांच्या सह्यांपाशी थांबते. इंदुरातल्या हिंदूच्या इंदुरातल्या घरासाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब) सक्तीचं नाही, त्यामुळं तो खर्च आणि वेळ वाचतो. पण त्याचाच अर्थ असा की मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर नसते आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस स्वतःच्या समाधानासाठी प्रश्न विचारतो.

इथवर कायदा झाला. आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, रागावू नका.

तुम्ही लिहिलंय, "फक्त साक्षीदार दुरुस्त करायचे आहेत, बाकी बाबांनी ठरवलेलं तसंच राहू दे." हे तुमच्या हातात नाही. नवं मृत्युपत्र म्हणजे जुन्याची सुधारून काढलेली प्रत नव्हे. बाबा पुन्हा एकदा टेबलाशी बसणार, आणि तीन वर्षांत जे काही घडलं ते सगळं त्यांच्यासोबत बसणार. मधल्या काळात दादाच्या घरी काही झालं असेल, धाकटीची अडचण त्यांना कळली असेल, तुमच्या सेवेचं मोल त्यांच्या मनात वाढलं असेल किंवा तुम्ही आता सावरलात असं वाटलं असेल. ते घर तिघांत वाटायचं म्हणू शकतात. तुम्हाला फक्त राहण्याचा हक्क देऊन मालकी पुढं नातवंडांना देऊ शकतात. त्यांना तो अधिकार आहे. शुद्धीत असेपर्यंत माणूस मृत्युपत्र कितीही वेळा बदलू शकतो. नवं करा म्हणताना तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो मला वाटतं 'लोभी दिसेन' एवढ्याचाच नाही. बाबांचं मन बदललं तर, ही भीती त्यात आहे. ती असणं गैर नाही. नवऱ्यामागं, या वयात, डोक्यावरचं छप्पर हीच तुमची एकमेव शाश्वती आहे. पण भीतीला लाजेचं नाव दिलं की माणूस नोटरीच्या शिक्क्यासारखे आडमार्ग शोधत बसतो.

काहीच न करण्याची किंमतही बघून घ्या. उद्या हे मृत्युपत्र टिकलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे बाबांची स्वतःची मिळकत तिन्ही मुलांत सारखी जाईल. घरात तुमचा एक तृतीयांश, ठेवींतही एक तृतीयांश. दादा आणि धाकटी मोठ्या मनानं आपापला हिस्सा हक्कत्याग पत्रानं तुमच्या नावे सोडू शकतात, ते पत्र नोंदवावं लागतं; पण तेव्हा तो त्यांचा उपकार असेल, बाबांची इच्छा नाही. बँकेत किंवा आणखी कुठं तुमचं नाव नॉमिनी म्हणून घातलं असेल तर त्यावरही विसंबू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, वारसांचे हक्क त्यानं पुसले जात नाहीत.

मग लोभी न दिसता हे करायचं कसं? माझं मत असं : विषय तुम्ही काढा, काम तुम्ही करू नका. बाबांना एकदाच, सरळ सांगा, "मी उज्जैनला कागद नेला ते नियमात बसत नाही असं कळलंय. तुम्हाला जे वाटेल ते करा, हवं तर वकिलांना बोलवा. मी त्या वेळी घरात नसेन." आणि खरोखर नसा. हे केवळ चांगलं दिसावं म्हणून नाही. एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा या 1958 च्या निकालापासून न्यायालयं हेच बघत आली आहेत, की ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानंच मृत्युपत्र घडवण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयाची जागा असते, आणि तो संशय फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढं करणाऱ्यावर येते. बसमध्ये मांडीवर कागद घेऊन तुम्ही गेलात, तो प्रवास तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो. या वेळी वकील बाबा निवडतील, साक्षीदारांना फोन बाबा करतील, फी बाबांच्या खात्यातून जाईल. तुम्ही चहासुद्धा करू नका, शेजारणीला सांगा.

आजाराचा प्रश्न तुम्ही फार भीत विचारलाय, तेवढी भीती नको. आजारी, अंध, बहिरा, अंथरुणाला खिळलेला माणूस मृत्युपत्र करू शकतो. आपण काय करतोय ते त्याला कळलं पाहिजे, एवढंच कलम 59 सांगतं. हात थरथरत असेल तर थरथरत्या हाताची सही चालते, अंगठा चालतो. फक्त सही नेहमीसारखी दिसणार नाही, म्हणून ती तशी का आहे हे मजकुरातच एका वाक्यात लिहून ठेवावं, आणि मजकूर त्यांना वाचून दाखवला व त्यांना तो पटला हेही. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून 'स्थळ-काळ-माणसांचं भान आहे, स्वतःच्या मिळकतीबद्दल आणि मुलांबद्दल सुसंगत बोलतात' असं लिहून दिलं तर उत्तम. डॉक्टर स्वतः साक्षीदार व्हायला तयार असतील तर आणखी उत्तम. मनाच्या अवस्थेबद्दल आणि सहीबद्दल एकाच तोंडून ऐकता येतं. मोबाइलवर चित्रीकरण करायचं असेल तर करा, पूरक म्हणून कामाला येतं. मात्र दादा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघतोय म्हणून तो साक्षीदार होत नाही, आणि आधारची डिजिटल सही मृत्युपत्राला चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधून मृत्युपत्र वगळलेलंच आहे.

बैठकीत बाबा आधी सही करतील, प्रत्येक पानावर केली तर पानं बदलल्याचा आरोप टळतो (कायद्याची तशी सक्ती नाही), मग दोघं साक्षीदार. खाडाखोड झालीच तर त्या जागी तिघांच्याही सह्या हव्यात. त्यापेक्षा पान पुन्हा लिहिलेलं बरं. साक्षीदारांच्या सह्यांच्या वर साधारण असं लिहावं : "वरील मृत्युपत्रावर यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या." खाली पूर्ण नावं, पत्ते, तारीख, ठिकाण. मजकुराच्या सुरुवातीला 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे वाक्य विसरू नये. टंकलेखकानं किंवा लिहून देणाऱ्यानं 'लेखक' म्हणून केलेली सही साक्षीदाराची धरली जात नाही, तेव्हा तिला मोजून दोन पुरे झाले असं समजू नका. मृत्युपत्र अमलात आणायला कुणाला नेमणार असाल, तर तो साक्षीदारही असू शकतो. कायदा त्याला अपात्र ठरवत नाही.

भाषेचं काय, असं धाकटीनं विचारलंय म्हणता. बाबांना जी भाषा पुरती कळते ती. त्यांनी आयुष्यभर हिशेब मराठीत ठेवला असेल तर मराठीच लिहावं. नोंदणी करायची झाली, आणि माझ्या मते करावी, तर उपपंजीयक (सब-रजिस्ट्रार) कार्यालयात मराठी दस्ताला हिंदी भाषांतर जोडायला सांगू शकतात. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, तिला मुदत नाही. मध्य प्रदेशात आता ते काम संपदा 2.0 या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर चालतं, सेवा प्रदाता सगळं भरून देतो. बाबांना जिना उतरणं जमत नसेल तर अधिकाऱ्यानं घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 31 मध्ये आहे. त्यासाठी कारण देऊन अर्ज करावा लागतो. फोटो, अंगठा, अधिकाऱ्यासमोरची कबुली यांमुळे 'ते हे नव्हेतच' म्हणायची सोय राहत नाही. साक्षीदारांची गरज मात्र नोंदणीनंही संपत नाही, आणि ओळख पटवायला नेलेली दोन माणसं म्हणजे आपोआप साक्षांकन साक्षीदार नव्हेत.

समजा हे सगळं जुळायला महिना लागणार आहे आणि बाबांच्या तब्येतीचा भरवसा वाटत नाही. तर तोवरचा एक उपाय आहे. बाबांची इच्छा तीन वर्षांपूर्वीचीच असेल, तर त्याच जुन्या कागदावरची सही त्यांनी एखाद्या त्रयस्थाला स्वतः दाखवून कबूल करावी आणि त्यानं बाबांसमोर, आजची खरी तारीख घालून, साक्षीदार म्हणून सही करावी. काकांच्या साक्षीला ही दुसरी जोडली गेली की कलम 63 ची मोजणी पुरी होते. कायमचा तोडगा म्हणून मी हे सुचवणार नाही, कारण तारखांचा तो गुंता पुढं समजावून सांगत बसावं लागेल. पण उद्या-परवाची काळजी मिटते.

आणि एक गोष्ट कुणी कितीही आपुलकीनं सुचवली तरी करू नका : मेव्हण्यांना इंदूरला बोलावून जुनीच तारीख कायम ठेवायची आणि 'तेव्हाच समोर सही केली होती' असं ठरवून घ्यायचं. शपथेवर उलटतपासणी सुरू झाली की त्या दिवशी पाऊस होता का इथपासून विचारतात. एक खोटं पकडलं गेलं की काकांच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. शिवाय त्यात तुमचे मेव्हणे फौजदारीत अडकू शकतात.

काही वाचक विचारतील, एवढ्या भानगडीपेक्षा बाबांनी आत्ताच दानपत्र करून घर लेकीच्या नावे का करू नये? करता येतं. त्यालाही दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि एकदा दिलेलं सहसा परत घेता येत नाही. 83 व्या वर्षी, झटक्यानंतर, स्वतःच्या घरात पाहुणा होण्याचा सल्ला मी कुठल्याही वडिलांना देणार नाही, लेक कितीही गुणाची असली तरी.

राहता राहिला दादा. मजकूर त्याला सांगायचा की नाही हे बाबांनी ठरवायचं. पण बाबा मृत्युपत्र करताहेत एवढं तरी त्याला आधी कळावं, आणि ते बाबांच्याच तोंडून, असं माझं मत आहे. बाबांना आवडलं तर सहीच्या आदल्या रविवारी तिघांनाही फोनवर घेऊन त्यांनी एवढंच म्हणावं, "मी माझं ठरवून लिहून ठेवतोय, कागद अमक्याकडे आहे." दादा कदाचित चिडेल, कदाचित लगेच गाडी काढून येईल आणि बाबांशी चार गोष्टी बोलेल. येऊ द्या. त्याच्याशी बोलूनही बाबांनी घर तुम्हालाच दिलं, तर मला अंधारात ठेवून बापाकडून लिहून घेतलं असं म्हणायला त्याला तोंड उरणार नाही. आणि नाही दिलं, तर तुमच्या राहण्याची सोय काय, हे तुम्ही तिघं बाबांच्या हयातीतच त्यांच्यासमोर बसून बोलू शकाल. सहीच्या दिवशी मात्र त्यानंही खोलीत थांबू नये, हे त्याला आधीच सांगून ठेवा. वकिलांना ही सगळी हकिगत, उज्जैनच्या फेरीसकट, पहिल्याच भेटीत बाबांनी सांगावी, आणि जुना कागद सोबत न्यावा, फाडू नये.